विद्यापीठीय एड्स-प्रबोधन : मोजले काय, वगळले कोण?

दरवर्षी १ डिसेंबरला महाविद्यालयांतून प्रभात फेऱ्या निघतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक छातीवर लाल फीत लावून घोषणा देतात, भित्तिपत्रकांची आणि घोषवाक्यांची स्पर्धा होते, जिल्हा रुग्णालयातून आलेले डॉक्टर वा समुपदेशक तासभर बोलतात, प्राचार्य अध्यक्षीय समारोप करतात आणि आठवड्याभरात अहवाल विद्यापीठाकडे रवाना होतो. अहवालात व्याख्यानांची संख्या असते, उपस्थितांची संख्या असते, छायाचित्रे असतात. या खटाटोपामुळे एका तरी विद्यार्थ्याच्या जगण्यातला धोका कमी झाला काय, या प्रश्नासाठी मात्र त्यात रकाना नसतो. प्रबोधन करणारी संस्था आपल्याच हालचाली मोजते आणि त्या मोजणीला मूल्यमापन म्हणते. या मूल्यमापनाचेच मूल्यमापन करण्याची वेळ आली आहे, आणि ते आपल्या बाजूने, म्हणजे वसतिगृहातल्या आणि वस्तीतल्या विद्यार्थ्याच्या बाजूने व्हायला हवे.

हा उपक्रम कालचा नव्हे. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (या माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातले पहिले एच.आय.व्ही.बाधित रक्तनमुने शोधून काढले. ते नमुने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९१ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत ‘युनिव्हर्सिटीज टॉक एड्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि पुढे महाविद्यालयांत रेड रिबन क्लब निघाले. म्हणजे विद्यापीठे गेली तीन दशकांहून अधिक काळ या विषयावर बोलत आहेत. या बोलण्याचे फलित काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) एच.आय.व्ही.विषयी पुरेसे आणि अचूक ज्ञान असलेल्या स्त्रिया २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के निघाले. आधीच्या फेरीत पुरुषांचे हेच प्रमाण ३२.३ टक्के होते. हे आकडे १५ ते ४९ वयाच्या सर्व लोकांचे आहेत, केवळ विद्यार्थ्यांचे नाहीत, हे खरे. परंतु तीन दशके ज्यांनी महाविद्यालयांत भित्तिपत्रके रंगवली तेच आज या वयोगटात आहेत, हेही तितकेच खरे आहे.

तरीही माझा आक्षेप ज्ञान कमी पडले एवढाच नाही. ज्ञान वाढले की धोका कमी होतो हे गृहीतकच तपासून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे जेथे थोडेफार शास्त्रशुद्ध मूल्यमापन होते तेथे पद्धत ठरलेली असते. व्याख्यानापूर्वी एक प्रश्नावली भरून घ्यायची, व्याख्यानानंतर तीच पुन्हा भरून घ्यायची. डास चावल्याने लागण होते काय? एका ताटात जेवल्याने होते काय? तासाभरापूर्वी ऐकलेली उत्तरे मुले बरोबर लिहितात, गुण वाढतात आणि कार्यक्रम यशस्वी ठरतो. याला पाठांतराची परीक्षा म्हणता येईल. टांझानियातील म्वांझा भागात १९९९ ते २००२ या काळात वीस समूहांत शालेय मुलांसाठी असाच एक कार्यक्रम राबवला गेला. तेथील अभ्यासकांनी प्रश्नावलीवर न थांबता रक्तही तपासले. मुलांचे ज्ञान वाढले होते, सांगितलेल्या वर्तनातही थोडा फरक होता. रोगाच्या लागणीत मात्र फरक पडलेला नव्हता. काही वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हाही निष्कर्ष तोच आला. त्या अभ्यासकांनी हे अपयश झाकले नाही, छापले. आपल्याकडे अपयशाचा अहवाल लिहिण्याची रीतच नाही, कारण अपयशाच्या अहवालावर पुढचे अनुदान मिळत नाही.

विद्यापीठीय विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर सर्वाधिक कसून केलेले काम अमेरिकेत आढळते. जेफ्री फिशर आणि विल्यम फिशर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये एक मांडणी केली. नुसती माहिती पुरत नाही, इच्छा लागते आणि त्याहीपलीकडे कौशल्य लागते, असे तिचे सार आहे. निरोध म्हणजे काय हे ठाऊक असणे वेगळे, तो वापरावा असे वाटणे वेगळे, आणि ऐन वेळी जोडीदाराला तसे सांगता येणे, दुकानात जाऊन तो मागता येणे आणखी वेगळे. कनेक्टिकट विद्यापीठाच्या वसतिगृहांत त्यांनी ही मांडणी प्रत्यक्ष वापरली आणि १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्यात ज्यांच्या शब्दाला मान होता अशा मुलांनाच बोलके केले, संवादाचे प्रसंग करून घेतले, आणि काही महिन्यांनंतर पुन्हा जाऊन निरोधाचा वापर आणि तपासणी यांत फरक पडला काय ते विचारले. फरक पडला होता. त्याच सुमारास, १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे एलियट अ‍ॅरन्सन यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी इतरांना निरोधाचे महत्त्व पटवून देणारे भाषण ध्वनिचित्रमुद्रणासाठी करायचे, आणि त्याच बैठकीत स्वतः आपण तो कधी वापरला नाही ते आठवायचे. मग प्रयोग संपला असे सांगून मिळालेल्या मोबदल्यातून निरोध विकत घेण्याची मोकळीक द्यायची. संशोधकाने कोणाला काही विचारले नाही. हात खिशात गेला की नाही एवढेच मोजले. ज्यांना आपल्या उक्ती-कृतीतली फारकत दिसली त्यांनी अधिक निरोध घेतले. मला हे मोजमाप आवडते, कारण त्यात उपदेशकाला स्थान नाही. आपल्या व्यासपीठावरील किती वक्ते या प्रयोगाला बसायला तयार होतील, हा प्रश्न मी येथे सोडून देतो.

पण या चांगल्या कामाचीही एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. येथे धोका व्यक्तीत शोधला आहे. तिचे ज्ञान, तिची इच्छा, तिचे कौशल्य. ती व्यक्ती समाजाच्या कोणत्या पायरीवर उभी आहे, हे समीकरणाबाहेर राहते. अमेरिकेतच या मर्यादेचा पुरावा मिळाला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात २००० ते २००३ या काळात नव्याने बाधित आढळलेल्या तरुण पुरुषांत ८४ जण महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आणि त्या ८४ पैकी ७३ काळे होते. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: काळी मुले बेजबाबदार वागत असणार. २००७ मध्ये ग्रेगरी मिलेट आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा समलैंगिक संबंध ठेवणाऱ्या काळ्या पुरुषांचे वर्तन गोऱ्यांपेक्षा अधिक धोक्याचे नसल्याचे दिसले. त्यांच्यात इतर गुप्तरोगांचे प्रमाण अधिक होते, आणि लागण झाली असूनही ती ठाऊक नसणारे, औषधोपचारापर्यंत न पोहोचलेले अधिक होते. ज्या समूहात रोग आधीच दाटलेला आहे आणि दवाखाना दूर आहे, त्या समूहातल्या मुलाने गोऱ्या मुलाइतकीच काळजी घेतली तरी त्याचा धोका अधिक राहतो. सारखे वर्तन, पण शिक्षा विषम. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने ब्लॅक पँथरचे नाव उगाच घेतले नव्हते. त्या नात्याचा अर्थ रक्ततपासणीच्या आकड्यांतही वाचता येतो.

याहून बोलका पुरावा दक्षिण आफ्रिकेचा आहे. तेथे २००८–०९ मध्ये एकवीस विद्यापीठांत एक मोठी पाहणी झाली. विद्यार्थ्यांत एच.आय.व्ही.चे प्रमाण ३.४ टक्के आढळले. काळ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांत ते ५.६ टक्के होते, गोऱ्या विद्यार्थ्यांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण त्या पाहणीने आणखी एक धाडस केले. तिने विद्यापीठ म्हणजे केवळ विद्यार्थी, असे मानले नाही. नोकरवर्गाचेही रक्त तपासले. प्राध्यापकांत १.५ टक्के, कार्यालयीन कर्मचाऱ्यांत ४.४ टक्के आणि सेवा कर्मचाऱ्यांत, म्हणजे झाडलोट, स्वच्छता, बागकाम करणाऱ्यांत, १२.२ टक्के. एकच आवार, एकच फाटक. पण आत शिरणाऱ्याच्या हातात पुस्तक आहे की झाडू, यावर रोगाचे प्रमाण आठ पट बदलते. चारित्र्याची कोणती व्याख्या या आकड्यांचे स्पष्टीकरण देऊ शकेल? प्राध्यापक सच्छील आणि झाडूवाला दुर्वर्तनी, असे म्हणण्याची ज्याची तयारी असेल त्यानेच ‘संयम हाच उपाय’ हे घोषवाक्य भिंतीवर लिहावे.

आपल्या विद्यापीठांत असा प्रश्न कोणी विचारला आहे काय? आपल्याकडे रोगाचे एकूण प्रमाण कमी आहे, ०.२ टक्क्याच्या आसपास. तरी २०२१ च्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २४ लाख बाधित आणि त्यांपैकी ३ लाख ९४ हजार एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. महाविद्यालयाच्या आवारात संडास धुणारी बाई ठेकेदाराकडे कामाला असते आणि ती बहुधा आपल्याच वस्तीतून आलेली असते. प्रभात फेरीने टाकलेले कागद तीच उचलते. व्याख्यानाला तिला बोलावल्याचे अहवालात कोठे दिसत नाही. वगळले कोण, या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर भित्तिपत्रकांत आहे. सुरुवातीच्या काळातील प्रचारचित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल: कवटी, सर्प, आणि दारात उभी असलेली बाई. सुशिक्षित घरातला निरागस तरुण, आणि त्याला रोग देणारी ती. ही बाई कोण? कामाठीपुऱ्यातली, सांगली-बेळगाव पट्ट्यातली. तिच्या कपाळी देवदासीचे जिणे कोणत्या जातींमुळे आणि कोणत्या जातींसाठी आले, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको. ज्या व्यवस्थेने तिला भोगले तिनेच नंतर तिला रोगाचे उगमस्थान ठरवले. विटाळाची जुनी कल्पना नव्या वैद्यकीय वेशात परत आली, आणि ती महाविद्यालयाच्या भिंतीवर कोणी रंगवली? राष्ट्रीय सेवा योजनेतल्या आपल्याच मुलांनी, प्रमाणपत्रासाठी. याच सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ने काम सुरू केले आणि १९९६ मध्ये या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. निरोध वाटणे, गिऱ्हाइकाला तो वापरायला लावणे, आजारी बाईला दवाखान्यात नेऊन तेथे तिला माणसासारखे वागवायला भाग पाडणे, ही कामे त्यांनी स्वतः केली. फिशर बंधूंनी विद्यापीठात बसून ज्याला कौशल्य म्हटले, ते या निरक्षर म्हटल्या गेलेल्या स्त्रियांनी संघटनेच्या बळावर मिळवले. एकट्या बाईला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालता येत नाही. गल्ली एक झाली की येते. सामर्थ्य व्यक्तीत नसून संघटनेत असते हे आंबेडकरी चळवळीला वेगळे शिकवायला नको, पण विद्यापीठीय कार्यक्रमांच्या आराखड्यात त्याचा मागमूस नाही. एखाद्या रेड रिबन क्लबने या स्त्रियांना विषय म्हणून न आणता वक्ता म्हणून बोलावले, तर त्या एका तासाचे मोल दहा समारोपांहून अधिक होईल.

आर्थिक बाजूविषयीही पुरावा आहे. मलावीतील झोंबा जिल्ह्यात शाळेत जाणाऱ्या १३ ते २२ वयाच्या मुलींना आणि त्यांच्या घरांना दरमहा रोख रक्कम दिली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे दीड वर्षानंतर रक्कम मिळालेल्या मुलींत एच.आय.व्ही. १.२ टक्के, न मिळालेल्या मुलींत ३ टक्के होता. व्याख्यान एकही नव्हते. हातात पैसा असलेल्या मुलीला वयाने मोठ्या, पैसेवाल्या पुरुषावर अवलंबून राहण्याची गरज कमी पडली. घाईने निष्कर्ष काढू नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की दक्षिण आफ्रिकेत अशाच एका प्रयोगात (२०१६) रोख रकमेने फरक पडला नाही. दोन्ही गटांतल्या बहुतेक मुली शाळेत टिकून होत्या, आणि ज्या वर्गाबाहेर पडल्या त्यांच्यात लागण अधिक दिसली. म्हणजे शिक्षणात टिकून राहणे हेच संरक्षण ठरले. आता आपल्याकडील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा विचार करा. ती जूनऐवजी मार्चमध्ये येते, कधी पुढच्या वर्षी येते. तोवर खानावळीचे बिल, खोलीचे भाडे आणि परीक्षा शुल्क कोणी भरायचे? गावाहून आलेली मुलगी हे महिने कोणाच्या उपकारावर काढते, हा प्रश्न एड्स-प्रतिबंधाच्या कोणत्याही प्रश्नावलीत नाही. समाजकल्याण खात्याच्या दिरंगाईला कोणी आरोग्याचा धोका म्हणून मोजलेले नाही. मोजायला हवे.

आणि प्रश्नावली भरून घेणारे कोण? ज्या कार्यालयातल्या फायलीत विद्यार्थ्याचा जातीचा दाखला आहे, जेथील कारकून शिष्यवृत्तीच्या अर्जावर सहीसाठी त्याला चार खेपा घालायला लावतो, त्याच कार्यालयाला तो आपले लैंगिक जीवन लिहून देईल अशी अपेक्षा आहे. समलैंगिक विद्यार्थ्याविषयी तर बोलायलाच नको. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कायदा त्याला गुन्हेगार म्हणत होता, आणि अजूनही बहुतेक व्याख्यानांत ‘विवाहबाह्य संबंध’ या एका शब्दापलीकडे वक्त्याची जीभ जात नाही. अशा उत्तरांवरून काढलेल्या टक्केवारीचा उपयोग तक्ते सजवण्याइतकाच.

येथे आपल्या घरातही डोकावले पाहिजे. सनातन्यांनी लैंगिक शिक्षणाला विरोध केला यात नवल नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतील असा अभ्यासक्रम थांबवला, २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने वेंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखाली त्याविरुद्ध अहवाल दिला, आणि संस्कृतीचे रक्षण झाले. परंतु आपल्या चळवळीने तरी तेव्हा किती आवाज केला? आपण मानाने जगू लागलो, आपल्या बायकांकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये, या न्याय्य भावनेतून आपल्यातही एक मध्यमवर्गीय संकोच वाढला आहे. जयंतीच्या व्यासपीठावर शरीराविषयी बोलणे आपल्याला कमीपणाचे वाटते. बाबासाहेबांना ते वाटले नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. त्यापूर्वीच संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली होती. १९३४ साली अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर वाचकांनी विचारलेल्या शंकांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरले, पण भूमिका सोडली नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्याच पक्षाने आणला. एड्स-प्रबोधनात संकोच सोडून बोलण्यासाठी पाश्चात्त्यांचे दाखले देण्याची आपल्याला गरज नाही. वारसा घरात आहे. तो पुतळ्याखाली गाडला गेला आहे एवढेच.

वगळलेल्यांत एक जण असा आहे की जो सभागृहातच बसलेला असतो. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही.वरील औषधे मोफत मिळू लागली. आईकडून जन्मतः लागण झालेली जी मुले पूर्वी दहाव्या वर्षापर्यंतही जगत नव्हती ती या औषधांमुळे वाढली आणि आज महाविद्यालयांत शिकत आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने, ज्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती, हेही दाखवले की लवकर औषधोपचार सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. रोज रात्री गोळी घेणारा तो मुलगा नोकरी करू शकतो, लग्न करू शकतो, त्याच्यापासून निरोगी मूल होऊ शकते. आणि व्यासपीठावरून वक्ता सांगत असतो, एड्स म्हणजे मृत्यू. पथनाट्यात त्याच्यासारख्याच मुलाची तिरडी निघते आणि टाळ्या पडतात. त्या मुलाच्या दृष्टीने या कार्यक्रमाचे मूल्यमापन काय असेल? तो पुढच्या वर्षी १ डिसेंबरला गैरहजर राहील, आणि वसतिगृहात गोळ्यांची बाटली आणखी खोल दडवील.

त्याच्यासाठी कायदा आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. शिक्षणसंस्थेत, वसतिगृहात, नोकरीत बाधित व्यक्तीशी भेदभाव करणे या कायद्याने निषिद्ध आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही आणि कोणाची स्थिती उघड करता येत नाही. शंभर वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. म्हणजे अनेक महाविद्यालये त्यात आली. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थी संघटनांच्या पोरांनी आणि रेड रिबन क्लबच्या प्रामाणिक प्राध्यापकांनी (असे प्राध्यापक आहेत, आणि ते एकटे पडलेले आहेत) प्राचार्यांकडे लेखी विचारावे: आमच्या महाविद्यालयाचा तक्रार अधिकारी कोण, त्याची नेमणूक कोणत्या तारखेची, आणि त्याचे नाव सूचनाफलकावर कोठे लावले आहे? ठेकेदाराच्या सफाई कामगारांना ते नाव कोणी सांगितले आहे काय, हेही त्याच अर्जात विचारावे, आणि अर्जाची पोच घ्यावी.